विध्यर्थ

जानेवारीतला पहिला बुधवार. ऑगस्टाच्या घुमटावर
रात्रीचं बर्फ तसंच आहे,
आणि ओडील पेल्की, नदीकाठच्या सात गावांची आमदार,
माझ्या टेबलाशी उभी. बुटांखाली पाण्याचं तळं.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली तिने,
अजूनही बोलता बोलता वर बघते,
जणू तिथे आरसा आहे
आणि मागे कुणीतरी सीट सोडून उभं राहिलंय.

तिने पाकीट पुढे केलं. हीटिंगच्या तेलाचं बिल आलं होतं त्यातून.
पाठकोऱ्या बाजूला, पेन्सिलीने, अधिवेशनाचे अग्रक्रम.
मी मसुदे लिहिते. विधेयक त्यांचं, वाक्यं माझी,
नाव माझं कुठे नसतं. बरंच आहे ते.

एक. बाळंतपणाचा वॉर्ड.
कुलूप लागून दोन हिवाळे झाले.
ब्रिएन वेलेट, जी तिसऱ्या सीटवर बसायची
आणि काचेवरच्या वाफेत बोटाने मांजरं काढायची,
ती बाळंत झाली पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली,
पिकअपमध्ये,
सत्तर मैलांपैकी एकेचाळिसाव्या मैलावर.

दोन. मिलजवळचा पूल.
भरलेली बस त्याला पेलत नाही. म्हणून मुलं उतरतात,
पायी पलीकडे जातात, मागून रिकामी बस,
मग पुन्हा सगळी आत. उणे वीस असलं तरी.
"मोजायचे मी," ओडील म्हणाली,
"उतरताना एकदा, चढताना एकदा."

तीन. विहिरी. घरोघर पत्र आलंय:
पिऊ नका, भांडी घासायला हरकत नाही.

चार. अंडी, टॉर्चचे सेल.
"हे कुठल्या समितीकडे पाठवू?" मी विचारलं.
ती हसली, तेव्हा कळलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

मग तिने ते विचारलं जे नवे आमदार विचारत नाहीत:
"यातला कुठला शब्द एप्रिलमध्ये मरतो?"

मिरजेच्या शाळेत म्हैसाळकर बाई
क्रियापदाचे चार अर्थ फळ्यावर लिहायच्या.
स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
स्वार्थ म्हणजे इथे तो स्वार्थ नव्हे,
हे त्यांना दरवर्षी सांगावं लागे
आणि मागच्या बाकावर दरवर्षी तेवढंच हसू.

क्रियापद मरतं, मी म्हणाले.
राज्य वॉर्ड "उघडील" असं मी आज लिहीन.
मार्चमध्ये खर्चाचा कागद जोडला जाईल.
खोलीत कुणी दुष्ट नसेल, कॉफी चांगली असेल,
आणि एका दुपारी "उघडील"चं "उघडू शकेल" होईल.
विधेयक मंजूर. टाळ्या, फोटो.
कुलूप जिथल्या तिथे.

"आणि तुझ्या भाषेत?"
उघडावा, मी म्हणाले, आणि अडले.
त्या एका "वा"मध्ये आमच्याकडे सगळंच मावतं,
कर्तव्य, इच्छा, शक्यता, जाता जाता केलेली विनंती.
आई कामाला निघताना चिठ्ठी ठेवायची:
दूध तापवावे.
ते न तापवायची घरात कुणाची छाती नव्हती.

"मग तसं लिही."
तसं इथे लिहिता येत नाही, ओडील.
लिहिलं: उघडील. पुढे तारीख. तारखेपुढे रक्कम.
आणि तिने हट्ट धरला म्हणून
उद्देशाच्या परिच्छेदात एक आकडा, एकेचाळीस.
ज्याला खोडायचाय त्याने निदान वाचून खोडावा.

सभागृहाची घंटा झाली. दारापर्यंत जाऊन ती परत आली.
पाकीट हवं होतं.
बिल भरायचं राहिलंय, म्हणाली.