नुरा

दर तीन महिन्यांनी एकदा यायचा तो रविवार.
टर्ले केबलवाला आठ दिवस आधी
पडद्याच्या खालून पट्टी सोडायचा:
चॅम्पियनशिप स्पेशल. थकबाकीदारांना दिसणार नाही.
त्या आठवड्यात आख्ख्या सिडकोत
कुणाची वर्गणी थकायची नाही.

पट्टा आमच्याकडेही होता.
अंबडच्या कंपनीतून बाबांनी आणलेला जाड पुठ्ठा,
वर चिवड्याच्या पाकिटाची चंदेरी बाजू.
कमरेला बांधला की तिखटाचा वास यायचा.
भाऊ चॅम्पियन, बोरस्त्यांचा तुषार राक्षस,
मी मुलगी, म्हणून कायमची पंच.
गादीवर हात आपटून मोजायचं,
वन, टू,
आणि तिसऱ्याला भाऊ हमखास उठायचा.

वरच्या मजल्यावरून कचरू वस्ताद यायचे.
मोडलेले कान, मान नाहीच,
खांद्यांवर थेट डोकं ठेवून दिलेलं.
बगलेत स्वतःचा पाट.
खुर्चीत बसत नसत,
खुर्च्यांशी त्यांचं जुनं वैर होतं.

"वस्ताद, हे खरं असतं का?"
सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.
"नुरा आहे. कोण पडणार ते आधीच ठरलेलं."
भावाला इतका राग आला
की त्यानं पट्टा सोडून ठेवला.
"मग तुम्ही कशाला बघता?"
"पडतो कसा, ते बघतो.
बघ, हनुवटी छातीला. तळवा उघडा,
पाठीच्या आधी हात टेकला.
शाबास रे गड्या.
जिंकणाऱ्याकडे काय बघायचं,
तो नुसता उभा असतो."

एकदाच, टूथपेस्टच्या जाहिरातीत,
त्यांनी भगूरच्या जत्रेचं सांगितलं.
दुष्काळाचं साल. समोर चेअरमनचा पुतण्या.
शंभर रुपये आणि एक दुभती शेळी,
पडायचे.
"पडणं सोपं होतं गं.
पण लोकांना कुस्ती दिसायला हवी ना?
अकरा मिनिटं त्या येड्याला मी उभा धरला.
दोनदा तर आपोआप चीत होत होता,
मीच सावरला.
मग पडलो. असा पडलो
की बांधावर बसलेला माझा बाप रडला."
दात चमकवत बाई हसत होती पडद्यावर.
"शेळी कुठून आली,
ते त्यानं मरेपर्यंत विचारलं नाही."

आणि मग डिसेंबरातला तो स्पेशल.
खिडक्या लावलेल्या, एका गोधडीत चौघं.
मुखवटेवाला खाली, अंगावर तो सात फुटी डोंगर,
पंचाचा हात वर,
वन.
टू.

लाइट गेली.
सगळ्या सिडकोतून एकच "अरे!" उठलं
आणि पाथर्डी फाट्याकडे विरत गेलं.
अंधारात भाऊ रडायच्या बेतात.
"वस्ताद, कोण जिंकलं?"
पाट करकरला.
"मला काय विचारतो? पंच ती आहे.
सांग पोरी."

मी नऊ वर्षांची होते.
तोवर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं.
माझा हात खरंच वर गेला होता,
कुणाला दिसत नव्हता, तरी मी खाली आणला नाही.
"अजून दोनच झालेत," म्हणाले.

वस्ताद हसले ते मला ऐकू आलं.
लाइट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या.
पुढच्या स्पेशलला पट्टा
तिसऱ्याच कुणाच्या तरी कमरेला.

आता फोनवर सगळे जुने स्पेशल सापडतात.
तोही असेल.
मी शोधलेला नाही.

परवा बोरस्ते काकूंचा फोन आला.
वस्ताद जिन्यावरून घसरले,
पाटासकट, आठ पायऱ्या.
हनुवटी छातीला, तळवा उघडा.
काकू धावत खाली गेल्या,
"फार लागलं का हो?"

वस्ताद फरशीवर उताणे,
छताकडे बघत म्हणाले,
"छे. नुरा होती."