साडेसात

पंखा बंद करा म्हणालो, माइकमध्ये घरघर येते.
खडकीच्या त्या हॉलमध्ये एकोणीस माणसं
माझ्यासाठी घामाघूम.

गाणं साडेसात मात्रांचं.
सात नीट जातात,
मग अर्धीवर सगळे एकदम
अंधारात एक पायरी कमी निघावी तसे.
"अर्धी इथेच ठेवा," शलमोन सर म्हणतात,
"खिशात घालून घरी नेऊ नका."

उदावंतकाका पेरांवर मोजतात.
दोन पेरं फॅक्टरीत राहिली,
त्यांचं मोजणं सगळ्यांच्या आधी संपतं.
नजमा बागवान डोळे मिटते, बरोबर येते,
उघडते, समोर मी, चुकते.

मी झूम मागे घेतला.

सव्वानऊला वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला,
त्याही वेगळ्याच तालात.
जमलं ते एकदाच, त्याच्या जरा आधी.
कोणी काही बोललं नाही.
खात्री करायला लगेच परत म्हटलं,
तर गेलं.

रात्री फूटेज लावलं.
नेमकं जमलेल्या वेळी चित्र हलतंय,
प्रत्येक आवर्तनात, किंचित, एकाच जागी.
ट्रायपॉड घरी विसरलो होतो.
कॅमेरा मांडीवर होता,
आणि गुडघ्याने, मला न विचारता,
अर्धी धरली होती.