वजावट

एकतीस वर्षं लोर्ना क्विस्टाडचे हिशेब मी पाहिले.
डुलुथमध्ये, टायरच्या दुकानावर माझं ऑफिस;
दर मार्चला ती बर्फ झाडत जिना चढायची,
बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या.

पहिल्या साली कादंबरी एक, मिळकत चारशे डॉलर,
खर्चाला टाइपरायटरच्या रिबिनी आणि एक मेलेला कावळा.
संशोधन, ती म्हणाली. मी मांडून घेतला.

मग सिनेमा आला.
तिच्या पुस्तकात तळघरातलं ते
शेवटपर्यंत दिसत नाही,
फक्त जिन्याची तिसरी पायरी ओली असते.
लॉस एंजेलिसवाल्यांनी त्याला दात बसवले, रबरी शेपटी लावली,
पटकथेवर तिच्या आधी चौघांची नावं.
त्या पैशांत तिनं घरावर नवं छप्पर घातलं.
पुढच्या पटकथा निमूट लिहिल्या, दातांसकट.

एक नोंद मात्र दरसाल:
तळघरातला दिवा, रात्रभर, बारा महिने.
हा धंद्याचा खर्च कसा, मी विचारलं.
"विझवून बघ एकदा,"
मिटल्या पेनानं तिनं रकाना दाखवला,
"मग सांग."

या फेब्रुवारीत ती गेली.
कागद आणायला मी तिच्या घरी गेलो.
तळघराचं दार उघडं, दिवा जळत होता.
बटणापर्यंत हात नेला,
आणि आधी, उगाच, वाकून
तिसऱ्या पायरीला बोटं लावून पाहिली.
कोरडी.
पुन्हा पाहिली.

दिवा तसाच ठेवून वर आलो.
भाची घर विकेपर्यंत बिल माझ्या नावावर येतंय.
कुठल्या रकान्यात घालायचं,
अजून ठरत नाही.