रुमालाखाली

बापाचं नाव देवमन.
घोड्याच्या गळ्याखाली भोवरा असला
तर त्यालाही देवमणच म्हणतात,
आणि त्याचे दोन हजार जास्त येतात.
बापाचे कधी कोणी जास्त दिले नाहीत.

बाजार मंगळवारचा, अडाण नदीच्या पात्रात.
माघात पाणी आटलं की वाळूतच खुंटे ठोकायचे.
वाळू मऊ, खुरांना बरी,
आणि वाळूत लंगडा घोडा लंगडा दिसत नाही.
हे कळायला मला दहा बाजार लागले.

रांगेत पहिले काठेवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली,
डोक्यावरच कोणाची तरी चुगली चाललेली.
मग पंजाबचा नुकरा, गुलाबी नाकाचा,
कानाशी बँड वाजला तरी पापणी न हलवणारा;
नवरदेव कोणीही असो, वरात त्याचीच.
मारवाडी घोडी, पाय असे टाकणारी
की जमीन तिच्या लायकीची नाही.
आणि अगदी कडेला भीमथडीचं तट्टू, बुटकं, पोटाळ.
त्याची जात कोणी विचारत नाही,
ओझं किती उचलतं ते विचारतात.

बापाचं मधलं बोट अर्धंच होतं.
एका मुष्की घोड्यानं नेलं, पुसदच्या रस्त्यावर, गूळ देताना.
"गूळ चांगला होता," बाप म्हणायचा, "चूक बोटाची."

सौदा रुमालाखाली.
गिऱ्हाईक बोटं धरायचं, तीन धरली तर तीन हजार,
अख्खा पंजा धरला तर पाच.
बापाचा पंजा धरला की बाप पाच घ्यायचा
आणि पाचशे परत करायचा.
"हात साडेचाराचा हाय ना बापा, पाच कायचे घेऊ?"
घरी माय भाकर थापायची ती परात फुटेल अशी.
दारव्हा-मानोऱ्यापर्यंत लोक हसायचे
आणि घोडा घ्यायला आमच्याच खुंट्याशी यायचे.

दातांवरून वय, कानांवरून राग,
गिऱ्हाइकाची घाई त्याच्या चपलेवरून,
एवढं त्यानं शिकवलं.
रुमाल शिकवला नाही.
पोरीच्या हाताशी रुमालाखाली कोण बोलणार?

तो गेला त्याला दोन सालं झाली.
मी भाव तोंडानं सांगते.
तोंडानं सांगितलेला भाव साऱ्या बाजाराचा होतो;
शेजारचा हजार कमी करून ओरडतो.
तीन मंगळवार झाले, एक दावं सुटलं नाही.
कडबा मात्र रोज सुटतो.

आज दिग्रसचे हैदरचाचा आले,
मोतीबिंदू काढलेला, हिरवा चष्मा.
कुमेत घोडीच्या नळीवरून हात फिरवला, खूर उचलून हुंगला,
आणि तिला पात्राबाहेर काढून
वर डांबरी सडकेवर चालवायला लावलं.
दोनदा. डोळे मिटून, नुसतं ऐकत.
मग काही न बोलता गळ्यातला रुमाल काढला
आणि माझ्या मनगटावर टाकला.

चहावाल्याचा स्टोव्हच तेवढा वाजत राहिला.

पंजा धरला माझा. खरबरीत, थंड हात.
आता बोटाला दहा हजार.
मग अंगठ्यानं त्यांनी माझं मधलं बोट
हळूच पेरापासून दुमडलं.

पंचेचाळीस.

मला मोजताच येईना थोडा वेळ.
घोडी माशा हाकलत होती.
बाप असता तर हेच घेऊन
वर चहा पाजला असता.

मी रुमालाखाली बोट सरळ केलं.
"माहा हात पुरा हाय, चाचा."

चष्मा हलला. "बापाहून महाग हाय पोट्टी,"
ते बाजाराला म्हणाले, मला नाही.
पन्नास मोजले, थुंकी लावून, दोनदा.

घोडी टेम्पोत चढेना.
दोघं ओढतात, एक ढकलतो, फळी करकरते.
मी म्हटलं, थांबा, तोंड फिरवा तिचं.
उलट्या पावलानं चढते ती,
पुढं अंधार दिसला की भिते.

हे भावात नव्हतं.
सांगितलं तसंच.