पाय बघा आधी

खोक्यावर छापलंय : चारशे पन्नास पट.
कुतुबभाई हसतात. "आकडा सोडा साहेब,
पाय बघा आधी." तिवईला टिचकी मारतात.
नळी थरथरत राहते. मी मनात मोजतो, सहा सेकंद.
"यातून चंद्र बघाल तर हुडहुडी भरलेला दिसेल."

शाल्मली, वय साडेपाच, तोवर
उलट्या बाजूने डोळा लावून
अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचा हातगाडीवाला
मुंगीएवढा करून टाकते.

दुसरी आखूड, जाड, लाकडी बुडाची,
आजोळच्या पाण्याच्या बंबासारखी.
हलत नाही.
ठरवलं होतं त्याच्या बाराशे वर.

मुलुंडची गच्ची. पाटकर सेक्रेटरींकडून
अर्ध्या तासापुरती किल्ली.
आभाळ दुधाळ, आणि सगळ्यात ठळक तारा
समोरच्या टॉवरच्या क्रेनवरचा लाल दिवा.
टाकीच्या डावीकडे, गुरू.
सापडेना, सापडेना. मग ती एकदम गप्प.

"बाबा, त्याला चार पिल्लं आहेत.
एक रुसून लांब बसलंय."

बघू, म्हणून वाकलो,
पुरेना. आणखी वाकलो.
घेताना लक्षातच आलं नव्हतं,
ही तिच्या उंचीची आहे.
गुडघे टेकले.
एप्रिलचं सिमेंट अजून गरम होतं.