बांधावरची बोरी

सावद्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी,
समाज मंडळाच्या अध्यक्षपदाचे दोन भोंगे
एकाच चौकात समोरासमोर आले.
कोथिंबीरवालीने कानांवर हात ठेवले,
म्हणाली, एक जण तरी श्वास घ्या रे बा.

छत्रीवर तोताराम आप्पा, माझे सख्खे चुलते.
कपबशीवर फिरके सर,
ज्यांनी मला दहावीला इतिहास शिकवला
आणि रविवारी घरचं कपाट उघडून दिलं.
भांडण एका ओळीचं:
परजातीत गेलेल्या मुलींची नावं
परिचय पुस्तिकेत छापायची की नाही.
त्या एका ओळीपायी नेहेते भावांनी
सामाईक विहिरीचे वार बदलून घेतले,
पाण्यावर भेट नको म्हणून.

आप्पा सभेत म्हणाले,
बांध आहे म्हणून वावर आहे.
बांध मोडला की उरते नुसती माती,
कोणाचीच नसलेली, कोणी न राखलेली.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या,
वाक्य खोटं नव्हतं.

सर दुसऱ्या दिवशी, त्याच मंडपात, त्याच खुर्च्यांपुढे:
बोरी कुठे उगवते, आप्पा? बांधावरच ना?
मग ती या वावरातली की त्या?
हशा झाला. हशा ओसरायच्या आत
सरांनी उदाहरण म्हणून नाव घेतलं,
माझ्या बहिणीचं.
ज्योत्स्ना.
अख्खा मंडप मागे वळून मला बघू लागला.
सरांनी तिला अकरा वर्षांत एक फोन केलेला नाही.

मागची पुस्तिका मीच टाइप केली होती.
वडिलांच्या नावापुढे, अपत्ये: दोन.
आप्पांनी पेन्सिलीने दोनाचा एक केला.
मी बॅकस्पेस दाबलं.
किती हलकं बटण असतं ते.

आणि हेही मला ठाऊक, बहुतेक एकट्यालाच,
की दर पौषात आप्पांच्या बांधावरची बोरं
बुटांच्या खोक्यात भरून
केळीच्या ट्रकमधून इंदूरला जातात,
युनूसच्या सीटखाली.
खोक्यावर पत्ता नसतो. बायपासचा पेट्रोल पंप, एवढंच तोंडी.
ती तिथे येऊन उभी राहते.
ती कशी दिसते, आप्पा विचारत नाहीत.
युनूस आपणहून सांगतो,
आणि आप्पा वजनकाट्याकडे बघत ऐकतात.

तर मत कोणाला?
बोरं पाठवणाऱ्याला, की नाव घेणाऱ्याला?
बायको अंधारात म्हणाली,
बोरं चार दिवसांत संपतात.
मग कूस बदलून झोपली.

मी कपबशीवर शिक्का मारला.
हात थरथरला नाही.
तो दुपारी थरथरला, कळण्याची भाकरी मोडताना.

आप्पा सतरा मतांनी आले.
गुलाल त्यांनीच माझ्या कपाळाला लावला
आणि कानाशी म्हणाले,
तुझं कुठे पडलं ते माहीत आहे मले.
मिरवणुकीत मी शेवटपर्यंत चाललो.

संध्याकाळी सरांकडे गेलो.
हरलेल्या घरात चहा उगाच जास्त गोड होता.
बहिणीचा नंबर दे, म्हणाले,
आणि मतदार यादीच्या पाठीवर लिहून घेतला.
लावला की नाही, मी विचारलेलं नाही.

परवा पौष लागला.
आप्पांनी खोकं माझ्यापुढे सरकवलं.
युनूसने गाडी सोडली, आता नवा पोरगा आहे,
तो तिला ओळखायचा नाही.
नाव घाल वरती.

मी मार्करचं टोपण काढलं.
ज्योत्स्ना, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, आपलं,
पुस्तिकेत असतं त्याच क्रमाने.
आप्पा वाकून वाचत होते, ओठ हलवत,
बाजूच्या पत्र्यावर एक बोर पडेपर्यंत.

अक्षर मोठं काढ, म्हणाले,
पोराले दिसलं पाहिजे.