शाई फुगते, लोकर आटते

काल्बुकोच्या कारखान्यात रात्रपाळीला
थंडी आधी खोक्यांना चढते, मग माणसांना.
गोठवलेल्या शिनाण्यांची खोकी पट्ट्यावरून येतात,
तपकिरी, दमट, कडांना मऊ पडलेली,
आणि एदेल्मिरा नावेलकीन
प्रत्येकाच्या कुशीवर नजर टाकते,
शाळेच्या दारात पोरांची नखं तपासावीत तशी.

मंगळवारी रॉटरडॅमहून अकराशे खोकी नाकारली.
पत्रात एकच ओळ: वाचता येत नाही.
माल उत्तम होता. वजन चोख होतं.
पण दारावरच्या लाल डोळ्याला
शिनाण्यांशी काय देणंघेणं?
काळं कुठे संपतं, पांढरं कुठे सुरू होतं,
त्याला एवढंच हवं असतं.
आणि इथे पांढरं नाहीच मुळी.
इथे पुठ्ठा आहे,
चहात बुडवून विसरलेल्या पावाच्या रंगाचा.

"शाई वाढवा," दोन ओस्कार म्हणाले. "गडद करा."
मिठाबद्दलही ते असंच म्हणतात.

शाई वाढवली. रेघा फुगल्या.
पुठ्ठ्याच्या तंतूंनी ती पिऊन आडवी नेली,
दोन रेघांमधली फट बुजली,
आणि कुशीवर उरलं
पावसात राहिलेल्या वहीचं पान.

पुलुकी बेटावर आई जमिनीलगतच्या मागावर घोंगड्या विणायची.
"हातभर हवी तर दीड हात विण,
धुतली की लोकर आटते."
इथे उलटं.
म्हणून एदेल्मिराने संगणकातली रेघ
मुळातच उपाशी ठेवली, हाडकुळी.
पुठ्ठ्यावर गेली की जेवेल,
जेवून बरोबर मापाची होईल.

झाली. तासभर.
मग एक छिद्र तुंबलं,
केसाहून बारीक, आत शाई वाळून मेलेली,
आणि प्रत्येक खोक्यावर एक पांढरा ओरखडा
त्याच जागी, त्याच उंचीवर.
रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या होत्या.
ओरखडा नेमका एका पायरीवर पडून ती गिळायचा.

तिने पट्टा थांबवला. (सात मिनिटं. नोंदवहीत आहे.)
सांकेतिक रेघा फिरवून उभ्या केल्या, कुंपणासारख्या.
आता ओरखडा सगळ्यांतून आरपार जातो,
सगळ्यांचं थोडं थोडं जातं,
कुणी एक पुसलं जात नाही.
पण उभ्या रेघांना पट्ट्याची चाल एकसारखी लागते.
पट्टा अडखळला की एक जाड, एक रोड.
मग रोलरचा सैल बोल्ट आवळा,
त्यासाठी पाना शोधा,
पान्यासाठी एल्सियारला झोपेतून उठवा.

शेवटी चिकटपट्टी.
ती घसरून रेघांच्या कडेला टेकत होती.
दोन्ही टोकांना कोरी जागा सोडावीच लागते,
तिथे बोधचिन्ह नको, तारीख नको, काहीच नको,
नाहीतर यंत्राला कळत नाही
बोलणं कुठून सुरू झालं.
पुंता अरेनासहून फर्मीन फोन करतो
तेव्हा आधी असाच गप्प असतो, दोन श्वास,
मग म्हणतो, "मामा."
ते दोन श्वास बुजवायचे नसतात,
हे तिला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

पहाटे दोन ओस्कारांनी तपासणीयंत्र टेकवलं.
सी.
"ए का नाही?"
"पुठ्ठा आहे, दोन ओस्कार. लग्नपत्रिका नाही."
ते हसले नाहीत. पण सही केली,
आणि ट्रक मागे लागला.

मुखाग्र पुसताना शाई तिच्या अंगठ्याच्या
सगळ्या वळ्यांत शिरली होती.
फाटकावर हजेरीच्या काचेवर तिने तो ठेवला.
लाल दिवा.
पुन्हा ठेवला. लाल.
मागे रांग वाढू लागली, कुणीतरी खोकलं.
एदेल्मिराने अंगठा झग्यावर घासला,
मग जरा थांबली,
आणि दुसरा ठेवून पाहिला.